एका गुंठ्यावरचा मजला: नगररचना विभागातील दोन खिडक्यांचा अनुभव

मराठवाड्यातील एका महापालिकेच्या नगररचना विभागाकडून गेल्या वर्षी मी दोन सेवा घेतल्या: आधी गुंठेवारी नियमितीकरण, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरचे घर कायदेशीर करून घेणे, आणि नंतर वरच्या मजल्याची बांधकाम परवानगी. दुसरीला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. पहिलीने मात्र साडेसात महिने खाल्ले.

आमचा भूखंड गुंठाभर, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा, वडिलांनी १९९८ साली बॉन्डवर, म्हणजे नोंदणी न केलेल्या स्टॅम्पपेपरवरच्या करारावर घेतलेला. विकास आराखड्यातील निवासी पट्ट्यात प्लॉट घेण्याची ऐपत नव्हती आणि शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठाभर शेतजमिनीचे खरेदीखत होत नव्हते, म्हणून आमची अख्खी वस्ती बॉन्डवरच वसली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ च्या दुरुस्तीने तिची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. मजला चढवायची वेळ येईपर्यंत आम्ही हललो नाही, हा दोष आमचाच.

फाइल अडली ती दीड फुटावर. बॉन्डवर पूर्वेची बाजू तीस फूट लिहिलेली, तर अभियंत्याच्या टेपने ती साडेअठ्ठावीस भरली. "काका, शेजाऱ्यांची संमती आणा," असे सांगण्यात आले. ती नेली तेव्हा टेबलावरचे साहेब बदलले होते आणि नव्या साहेबांना तीच संमती स्टॅम्पपेपरवर हवी होती. प्रशमन शुल्क, म्हणजे अनियमित बांधकाम नियमित करून घेण्यासाठी भरायची रक्कम, किती, हेही तीन हेलपाट्यांनंतर कळले.

प्रमाणपत्र हाती आल्यावर मात्र चित्र पालटले. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा दाखल करून शुल्क भरले की पावती हीच परवानगी ठरते. आमचा भूखंड १०१ चौरस मीटरचा. दुपारी पैसे भरले आणि संध्याकाळी गवंड्याला विटा सांगितल्या. सवलत उत्तमच आहे, पण इतक्या लहान भूखंडांवर आमच्या शहरात राहतात ते बहुतांश गुंठेवारीवाले, आणि त्यांना तिथवर पोहोचण्याआधी पहिली खिडकी ओलांडावीच लागते. ती खिडकी सुधारली तर नवी जमीन न घेताही आमच्या एका गल्लीतच वीसेक खोल्या वाढतील.

अर्ज करणाऱ्यांनी फाइल देण्याआधीच मोजणी करून घ्यावी. आमच्या वरच्या दोन खोल्यांत सध्या नीटची तयारी करणारी चार मुले राहतात, आणि भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे बांधकाम वापरायला दिलेल्या मंजुरीचा, अर्ज त्याच पहिल्या टेबलावर आहे.