स्टॅनफर्डचं खोरं आणि एमआयटीचा रूट १२८

अमेरिकेत विद्यापीठांभोवती तंत्रज्ञान-उद्योग उभारायच्या शर्यतीत दोन ठिकाणं होती: कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डभोवतीचं खोरं, म्हणजे सिलिकॉन व्हॅली, आणि बोस्टनजवळ एमआयटीच्या आसपासचा रूट १२८ हा महामार्ग. आधी पुढे होतं ते बोस्टन. एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन यांचा हात असलेली एआरडी ही गुंतवणूक संस्था तिथे १९४६ मध्येच उभी राहिली. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन यांना तिने १९५७ मध्ये ७०,००० डॉलर दिले आणि त्यातून डीईसी ही संगणक कंपनी घडली.

स्टॅनफर्डकडे तेव्हा पैसा कमी, जमीन भरपूर. तिथले अभियांत्रिकीचे अधिष्ठाता फ्रेडरिक टर्मन यांनी हे ओळखलं. विद्यापीठाच्या जागेवर १९५१ मध्ये औद्योगिक वसाहत सुरू झाली. त्यांचेच विद्यार्थी ह्यूलेट आणि पॅकार्ड यांची एचपी कंपनी पुढे तिथे शेजारी आली.

पण खरा फरक मला विद्यापीठांपेक्षा नोकरीच्या करारात दिसतो. नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी घालणारी अट कॅलिफोर्नियात १८७२ पासून सहसा चालतच नाही. ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या शॉकलीची कंपनी सोडून आठ जण निघाले, फेअरचाइल्ड ही सेमीकंडक्टर कंपनी उभी राहिली, मग तिच्यातूनही माणसं फुटली, इंटेल त्यातलीच. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशा अटी न्यायालयं मानत आली. २०१८ च्या कायद्याने त्यांना साधारण वर्षभराची मर्यादा घातली. तिथल्या कंपन्या मोठ्या झाल्या, पण सगळं घरातच ठेवणाऱ्या. वैयक्तिक संगणक आला आणि डीईसी डगमगली. १९९८ मध्ये वैयक्तिक संगणक बनवणाऱ्या कॉम्पॅकने ती विकत घेतली.

बोस्टन संपलं असं मात्र नाही. एमआयटीला खेटून असलेल्या केंडल स्क्वेअरमध्ये जैवतंत्रज्ञान बहरलं. औषध तयार व्हायला दहा-दहा वर्षं लागतात. तिथे खोऱ्यातली घाई फारशी कामाची नसते.