टायरची आतली बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका : सातारा-कराड हायवेवर आमची झालेली फसवणूक

नोव्हेंबर २०२४ मध्ये साताऱ्याहून मिरजेला जाताना हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात आमच्या गळ्यात सात-आठ वर्षं जुने टायर नवे म्हणून मारले गेले. आठ हजार रुपये गेले, ते एक वेळ सोडून देतो. पण त्याच टायरवर मी पाच आठवडे गाडी चालवली. कधी आई शेजारी होती, कधी मागच्या सीटवर मुलं झोपलेली होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून घडलं तसं सगळं लिहितो आहे.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत झालं होतं. त्या दिवशी तपासणीसाठी साडेअकराची वेळ होती. आम्ही सव्वासातला घर सोडलं. शेंद्र्यापासून पुढे रस्ता सहापदरी करायचं काम चालू, जागोजागी वळवलेला रस्ता, खडी, त्यात उसाच्या ट्रॉल्या. अशा रस्त्यावर चाकात काहीतरी घुसलं असेल हे कुणालाही पटेल. त्या लोकांचं सगळं यावरच चालतं, हे आता कळतंय.

उंब्रजच्या पुढे चहाला थांबलो. गाडी उभी करून दार उघडतोय तोच शेजारच्या दुकानातला एक पोरगा हातात हवेचा गेज घेऊन आला. "दादा, मागचं डावं चाक बसलंय बघा." मी वाकून बघितलं. मला तर सारखंच दिसत होतं. तोपर्यंत त्यानं व्हॉल्व्हचं टोपण काढून गेज लावलासुद्धा. फुस्स करून हवा सुटली आणि गेजवर १९ दिसले. माझ्या गाडीला ३३ लागतात. आदल्याच आठवड्यात मी हवा भरली होती, तरी आकडा डोळ्यांसमोर असल्यावर शंका घ्यायचं सुचलं नाही. गेज तिरका धरला की व्हॉल्व्हची पिन दाबली जाते आणि तपासता तपासताच हवा निघून जाते, ही गोष्ट मला नंतर समजली. तो फुस्स आवाज दोन सेकंदांपेक्षा जास्त चालला, तर हवा मोजली जात नसून सोडली जात असते.

त्यांनी जॅक लावून चाक काढलं आणि दुकानाच्या आत नेलं. आई बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, तिथून तिला आतलं दिसत होतं. मला मात्र दुसऱ्यानं बोनेटकडे बोलावलं. "दादा, आलाच आहात तर ऑइल बघून देतो, फुकट आहे." त्यानं डिपस्टिक ओढून कापडावर पुसली. "पार डांबर झालंय. असंच पळवलं तर इंजिन बसेल." इथे मी त्याच्या बोलण्याला भुललो नाही, कारण वडिलांच्या डिझेल जीपपासून मला हे ठाऊक होतं. डिझेल इंजिनमध्ये काजळी तयार होते आणि नवं ऑइल टाकल्यावर थोड्याच दिवसांत ते काळं पडतं. नुसत्या रंगावरून डिझेलच्या ऑइलबद्दल काही ठरत नाही. सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबल्यावर ते डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे बघायचं. बदलायचं कधी, ते किलोमीटरवर आणि महिन्यांवर ठरतं. मी त्याला सांगितलं, "तीन महिन्यांपूर्वीच बदललंय, राहू दे." तो लगेच गप्प झाला. जे आपल्याला माहीत असतं तिथे ही माणसं जोर करत नाहीत. टायरचं मला माहीत नव्हतं, तिथे त्यांनी जोर केला.

हे बोलणं चालू असताना चार-पाच मिनिटं माझी पाठ चाकाकडे होती. तेवढ्यात आतून हाक आली. टायरवर साबणाचं पाणी मारलेलं आणि चार ठिकाणी बुडबुडे. एक तर थेट बाजूच्या भिंतीवर, म्हणजे जिथे कंपनीचं नाव लिहिलेलं असतं त्या मऊ भागावर.

"नक्षीवरच्या तिन्हीला मशरूम मारून देतो, पण साइडचं पंक्चर काढून उपयोग नाही. हा टायर रस्त्यात फुटणार." मशरूम म्हणजे भोकात आतून बसवायचा रबराचा प्लग. साइडबद्दलचं त्याचं वाक्य अगदी खरं आहे. बाजूच्या भिंतीवरचं पंक्चर सुरक्षितपणे दुरुस्त होत नाही, कुठलाही प्रामाणिक टायरवाला हेच सांगेल. फक्त ते भोक त्यांनीच पाडलं होतं. मग तो आईकडे बघून म्हणाला, "मावशी सोबत आहेत दादा, रिस्क घेऊ नका. मागं दोन्ही सारखेच पाहिजेत, नाहीतर गाडी ओढते."

घड्याळात साडेआठ वाजत आले होते. स्टेपनी होती, ती लावून सरळ पुढे जाता आलं असतं, पण तिच्यात हवा आहे की नाही हे मी वर्षभर बघितलं नव्हतं. त्यांनी बघून सांगितलं की तीही बसलीय. आतून दोन टायर आले. काळेभोर, चकचकीत, नामांकित कंपनीचे, माझ्याच मापाचे : १६५/८० आर १४. एकाचे ४,२०० सांगितले. जुन्या दोन टायरचे ६०० वजा केले आणि बसवायचे २०० धरले, असे ८,००० झाले. बिल मागितलं तर म्हणाला, "मशीन बंद आहे, तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकतो." मी यूपीआयनं पैसे दिले. नाव कुठल्यातरी माणसाचं आलं, दुकानाचं नव्हतं. तिथेच थांबायला हवं होतं. बॅलन्सिंग केलं नाही, जुने टायर त्यांनी ठेवून घेतले. ते ठेवून घेतल्यामुळे भोकं कशी पडली याचा पुरावाच माझ्याकडे राहिला नाही.

गाडी पेठ नाक्याला वळली तेव्हा आई म्हणाली, "आरं, ते पोरगं टोच्यानं टायर टोकरत हुतं. मला वाटलं खडं काढतंय." मी तिला म्हणालो, "आई, पंक्चर शोधत असतील, तुला नीट दिसलं नसेल." नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला मी हे बोललो. तिला सगळं स्वच्छ दिसलं होतं.

पुढचे पाच आठवडे गाडी ८० च्या वर गेली की मागून धडधड यायची. रस्ता खराब आहे असं वाटायचं. डिसेंबरमध्ये एकदा सगळे पुण्याला गेलो, जाताना खंबाटकीच्या बोगद्यातून उतारावर आलो, तेव्हाही तीच धडधड. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाडी धुताना मागच्या उजव्या टायरवर लिंबाएवढा फुगा दिसला. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातच एका जुन्या टायरवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी चाक काढलं, उलटं केलं आणि आतल्या बाजूवर बोट ठेवलं. "सर, हे वाचा." एका लांबट चौकटीत चार आकडे होते : २३१७. दुसऱ्या टायरवर ४११६. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे एक टायर २०१७ च्या २३ व्या आठवड्यात, जूनमध्ये बनलेला आणि दुसरा २०१६ च्या ऑक्टोबरमधला. हे आकडे बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतात. ती बाजू गाडीखाली आत ठेवून टायर बसवला की गिऱ्हाइकाला बाहेरून काहीच दिसत नाही. आमचे दोन्ही टायर नेमके तसेच बसवले होते.

मग त्यांनी टायर रिमवरून उतरवला. आत दोन जुने पॅच, त्यातला एक खांद्याजवळ, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे. फुगा आलेल्या जागी आतलं कापड सुटलेलं. पॉलिश पुसल्यावर भिंतीवर वाळलेल्या तळ्यासारख्या बारीक भेगा. रबर वापरलं नाही तरी उन्हानं, हवेनं कडक होत जातं, म्हणून नुसती नक्षी शिल्लक असून भागत नाही. आणि नक्षी तरी कुठे खरी होती? घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्यानं खाचा कोरलेल्या. काकांनी ते कसं ओळखायचं दाखवलं, आणि ही गोष्ट प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी शिकून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत मधल्या खाचेत बघितलं की तळाशी रबराची एक आडवी पट्टी दिसते, साधारण १.६ मिलिमीटर उंच. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर बदलायचा, कायद्यानंही कारला एवढीच किमान खोली लागते. आमच्या टायरवर त्या पट्ट्या मधोमध कापलेल्या होत्या, कारण कोरणाऱ्याचं पातं त्यांच्यातूनच गेलं होतं. कोरताना उरलंसुरलं रबर जातं आणि पातं आतल्या तारांपर्यंत पोचतं. बहुतेक नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, तेही आमच्या टायरवर नव्हते. पॉलिशनं चमक आणता येते, केस आणता येत नाहीत.

"मागचा टायर फुटला की गाडीचा मागचा भाग फिरतो सर, स्टेअरिंगनं आवरत नाही," काका म्हणाले. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे टाकतात, त्याचं कारणही हेच. म्हणजे 'मागे नवे टाका' हा सल्लासुद्धा बरोबर होता. त्या दुकानात आम्हाला सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरी होती, दिलेला माल तेवढा खोटा होता. स्टेपनीत काकांनी हवा भरून पाण्यात बुडवली, एक बुडबुडा आला नाही. ती चांगली होती, फक्त हवा कमी होती.

नंतर एका रविवारी मी परत त्या दुकानात गेलो. आधी ओळखच दाखवेनात. यूपीआयचा मेसेज दाखवल्यावर म्हणाले, "ते पंक्चरचे पैसे असतील, टायर आमचे कशावरून?" बिल नव्हतं, टायरचा नंबर लिहिलेला कुठलाही कागद नव्हता. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. काकांनी टायरचे आतले-बाहेरचे फोटो काढून दिले, त्यावर तारीख-वेळ आहे. ते आणि यूपीआयचा मेसेज जोडून मी तक्रार केली आहे, निकाल यायचा आहे. पण एक साधं बिल असतं, त्यावर टायरची कंपनी, माप आणि ते चार आकडे लिहून घेतलेले असते, तर आज एवढी ओढाताण झाली नसती.

आता माझ्या गाडीत स्वतःचा गेज असतो, काही शे रुपयांचा. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना हवा बघतो, स्टेपनीचीसुद्धा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा धरायचा. टायरच्या भिंतीवर जो आकडा असतो तो जास्तीत जास्त दाबाचा, तेवढी हवा भरायची नसते. लांब पळून आल्यावर गरम टायरमध्ये आकडा दोन-चारनं वाढलेला दिसतो, तेव्हा 'हवा जास्त झालीय' म्हणून कुणाला ती सोडू देऊ नका. हवा कमी ठेवून पळवलं की टायरची भिंत सारखी दुमडते, तापते आणि टायर फुटायची सुरुवात तिथून होते.

वाटेत कुणी चाकाकडे बोट दाखवलंच, तर आधी स्वतःच्या गेजनं बघा. चाक काढलं तर ते डोळ्यांआड जाऊ देऊ नका. साबणाचं पाणी मारताना शेजारी उभे राहा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवा. बोनेट, ऑइल, ब्रेक यासाठी दुसरा कुणी बोलवत असेल तर त्याला थांबायला सांगा. आणि घरातलं बाहेर बसलेलं माणूस काही बघितलं म्हणून सांगत असेल, तर गाडी बाजूला घेऊन ते पूर्ण ऐका.

ज्यांनी गेल्या काही वर्षांत हायवेवर घाईत टायर घेतलेत, त्यांनी आजच बघून घ्या. पुढच्या चाकांसाठी स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, आतली भिंत मोबाईलच्या टॉर्चनं दिसते. मागच्या चाकांसाठी गाडी सपाट जागी लावून, हँडब्रेक ओढून, मोबाईल खाली धरून फोटो काढा. आकडे वरच्या किंवा मागच्या बाजूला गेले असतील तर गाडी हातभर पुढे घ्या आणि परत फोटो काढा. चारही चाकांचे आकडे वाचून होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.