फ्रान्समध्ये आठवडाभर पायी फिरायचंय, मग व्होज, ल प्वी की मोर्वां?

आल्प्सबद्दल मराठीत आता भरपूर वाचायला मिळतं, पण ज्यांना बर्फ, दोर, तीन हजार मीटर वगैरे काही नकोय, दिवसभर जंगलातून चालायचं, मधे एखादा पडका किल्ला नाहीतर जुनं चर्च लागावं आणि संध्याकाळी गावात गरम जेवण आणि झोपायला खाट मिळावी एवढंच हवंय, त्यांनी फ्रान्सच्या मधल्या उंचीच्या डोंगरांकडे बघावं असं मला मनापासून वाटतं. तिथे वाटा खूप आहेत आणि निवडताना गोंधळ उडतोच, म्हणून सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्या, फ्रेंच न येणाऱ्या आणि सात ते दहा दिवस हातात असणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून तीन वाटा घेतल्यात. अल्सासमधला व्होज, ल प्वी ते कोंक हा यात्रेचा रस्ता, आणि बर्गंडीतला मोर्वां.

आधीच सांगते, तिन्हीकडे जंगल आहे आणि तिन्हीकडे इतिहास आहे, पण तो भेटतो वेगवेगळ्या तऱ्हेने. व्होजमध्ये इतिहास जंगलाच्या आत उभा असतो, ल प्वीच्या वाटेवर ती वाटच इतिहास आहे, आणि मोर्वांत तो जमिनीखाली आहे, तुम्हाला थोडा शोधावा लागतो. माझ्या मते निवड यावरूनच करावी, किलोमीटर आणि चढ नंतर बघा.

व्होजपासून सुरू करते, कारण किल्लेवेड्या माणसाला हे पहिलं प्रेम होणार. पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे वेगवान रेल्वेने, स्ट्रासबुर पावणेदोन तासांत, तिथून लोकल ट्रेनने ओबेर्ने किंवा बार, आणि स्टेशनमधून बाहेर पडलं की द्राक्षमळे, मळे संपले की थेट जंगल. ओबेर्ने, मों सेंत-ओदील, बार, आंदलो, शातनवा, ओ-क्योनिग्सबुर, रिबोविले हा टप्पा तीन-चार दिवसांत आरामात होतो. मळ्यांच्या पातळीपासून सातशे-साडेसातशे मीटरपर्यंत चढायचं, परत खाली गावात उतरायचं, असा रोजचा खेळ. चढ सावलीत आहेत आणि माती मऊ आहे, पाय बोलतात पण रडत नाहीत.

मों सेंत-ओदीलला (७६४ मीटर) बहुतेक लोक गाडीने वर जातात, मठ बघतात, दरीचे फोटो काढतात आणि उतरतात. तुम्ही तसं करू नका. डोंगरमाथ्याला वेढून साधारण १० किलोमीटरची एक दगडी तटबंदी जंगलात पसरलीय, तिला पेगन, म्हणजे ख्रिश्चन नसलेल्या जुन्या लोकांची, भिंत म्हणतात, आणि ती नक्की कोणी कशासाठी बांधली याचा वाद अजून मिटलेला नाही. जवळ जाऊन दगडांचा वरचा भाग बघा. शेजारशेजारच्या दगडांत समोरासमोर खाचा कोरल्यात, त्यात ओकच्या लाकडाचे तुकडे बसवायचे, दोन टोकांना रुंद आणि मधे निमुळते, म्हणजे दोन दगड एकमेकांपासून सरकायला नकोत. चुना नाही, काही नाही. त्यातल्या काही लाकडी तुकड्यांचं वय काढलं तेव्हा ते सातव्या शतकातले निघाले, पण भिंत मूळची तेव्हाची की तेव्हा फक्त दुरुस्त केली यावर एकमत नाही. मॉसने भरलेल्या त्या खाचेवर हात ठेवून बघा, हजार पानं वाचून जे कळत नाही ते तिथे कळतं.

पुढे किल्लेच किल्ले. बार आणि आंदलोच्या मधे ओ-आंदलो आणि स्पेसबुर, मग बेर्नस्टाइन, ऑर्टेनबुर, रिबोविलेच्या डोक्यावर तर तीन किल्ले एकाच डोंगरावर. बहुतेक पडके, तिकीट नाही, गर्दी नाही. याला अपवाद ओ-क्योनिग्सबुर, तिथे तिकीट आहे, बस भरभरून लोक येतात. हा किल्ला १६३३ मध्ये स्वीडिश फौजेने जाळला, अडीचशे वर्षं तसाच पडून होता, मग अल्सास जर्मनीकडे असताना कैसर विल्हेल्म दुसऱ्याने १९०० ते १९०८ या काळात तो पूर्ण नव्याने उभा केला. काही लोकांना तो म्हणूनच खोटा वाटतो, मला पटत नाही. आपल्याकडे किल्ले दुरुस्त करावेत की जसे आहेत तसे जपावेत यावर जी भांडणं चालतात ती ज्यांनी ऐकलीत त्यांनी सकाळी ऑर्टेनबुरचे अवशेष आणि दुपारी ओ-क्योनिग्सबुर हे एकाच दिवशी बघावं, दोन्ही बाजू डोळ्यांनी दिसतात.

दिवस जास्त असतील तर रिबोविलेवरून वर मुख्य धारेवर जा, होनेक १३६३ मीटर, ग्रां बालों १४२४ मीटर, तिथे झाडी संपून गवताळ माथे लागतात आणि धारेवर १८७१ नंतरच्या सरहद्दीचे दगड अजून आहेत, एका अंगाला एफ म्हणजे फ्रान्स आणि दुसऱ्या अंगाला डी म्हणजे डॉइचलांड, जर्मनी, असं कोरलेलं. त्या भागाचा इतिहास सुखाचा नाही. हार्टमन्सविलरकोप्फच्या जंगलात पहिल्या महायुद्धातले, १९१५ चे खंदक आहेत, आणि मों सेंत-ओदीलच्या पश्चिमेला नात्सवाइलर-स्त्रुथोफ, नाझींची छळछावणी, १९४१ ते १९४४, मुख्य आणि तिच्या उपछावण्या मिळून सुमारे ५२,००० कैदी होते आणि त्यातले १७,००० च्या आसपास मेले. तिथे जाणार असाल तर तो दिवस दुसऱ्या कशाने भरू नका.

वाटेच्या खुणा हा व्होजचा मोठा प्लस पॉइंट. १८७२ पासून क्लब व्होजियें ही संस्था इथल्या वाटा राखते आणि खुणा त्यांच्या स्वतःच्या आहेत. लाल आयत दिसला की तुम्ही जीआर ५ वर (जीआर म्हणजे फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या, नंबर दिलेल्या पायवाटा), बाकी निळा त्रिकोण, पिवळं चाक असं काय काय, आणि २५ हजारी (१:२५,००० प्रमाणाच्या) नकाशावर हीच चिन्हं छापलेली असतात, त्यामुळे भाषा न येताही वाट चुकणं अवघड. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक म्हणजे गोचीड, अल्सासच्या जंगलात गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराचा धोका खरोखर आहे, फुल पँट घाला आणि रात्री अंग नीट तपासा. दुसरं जेवण. डोंगरावरच्या फेर्म-ओबेर्जमध्ये, म्हणजे गाईगुरं पाळणाऱ्या शेतघरातच चालणाऱ्या खानावळीत, बटाटासुद्धा डुकराच्या चरबीत शिजवतात, शाकाहारी असाल तर चीज, सॅलड आणि ब्लूबेरीच्या टार्टवर भागवायची तयारी ठेवा. टार्ट अप्रतिम असतो.

आता ल प्वी. इथे चालायचं कारणच वेगळं. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क ९५० मध्ये स्पेनमधल्या सांतियागोला, संत याकोबाच्या समाधीच्या दर्शनाला निघाला, आणि तेव्हापासून हा रस्ता यात्रेकरूंचा. फ्रान्समध्ये आज जीआर ६५ म्हणून खूण केलेला हा मार्ग सांतियागोपर्यंत जातो पण पहिला भाग, ल प्वी ते कोंक, साधारण २०० किलोमीटर, दहा दिवस, हाच सगळ्यात सुंदर असं बहुतेक चालणारे सांगतात आणि मीही तेच म्हणेन. ल प्वी गाव ज्वालामुखीच्या दगडावर वसलंय, ८० मीटरहून उंच सुळक्याच्या टोकावर सें-मिशेलचं चॅपल, २६८ पायऱ्या. बेसॉल्ट आहे, त्यामुळे आपल्या पायांना ओळखीचा. सकाळी सातच्या प्रार्थनेनंतर कॅथेड्रलमध्ये निघणाऱ्यांना आशीर्वाद देतात, श्रद्धा असो नसो, थांबा तिथे.

पहिले दोन-तीन दिवस दऱ्या आणि पाइनची जंगलं, मोनिस्त्रोल दालिएला नदीपर्यंत खोल उतार आणि लगेच समोरचा खडा चढ, पहिल्याच दिवशी हौसेने जास्त चाललेल्यांचे गुडघे इथे बोलतात. सोग गावात जेव्होदांच्या पशूची आठवण जपलीय, १७६४ ते १७६७ या काळात त्या मुलखात माणसं मारणारं जनावर. मग ओब्राकचं पठार, तेराशे मीटरच्या वर, झाडच नाही, फक्त गवत, दगडी गडगे आणि गाई. जंगल हवं म्हणून येणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं, इथे दोन दिवस सावली नाही आणि धुकं आलं तर दहा पावलांवरचं दिसत नाही. ओब्राक गावातल्या जुन्या यात्रेकरू रुग्णालयाची घंटा म्हणूनच धुक्यात आणि बर्फवृष्टीत वाजवायचे, वाट चुकलेल्यांना दिशा कळावी म्हणून. नास्बिनाल ते सें-शेली हा १७ किलोमीटरचा तुकडा १९९८ पासून जागतिक वारशात आहे.

शेवटी कोंक. दरीत लपलेलं गाव, आणि चर्चच्या दारावर बाराव्या शतकातलं अंतिम न्यायाचं शिल्प, शंभराहून जास्त आकृत्या, रंगाचे अंश अजून टिकलेले. स्वर्ग-नरक सगळे बघतात, तुम्ही कमानीची कड बघा, तिथे छोटी छोटी डोकी कडेमागून डोकावतायत, फक्त डोळे-नाक आणि बोटं दिसतात. आतल्या १०४ काचा चित्रकार पिएर सुलाजने केल्या, १९९४ मध्ये बसल्या, रंग नाहीतच, नुसता प्रकाश.

पण या वाटेवर खरी कमाई माणसांची. तीच माणसं रोज संध्याकाळी भेटतात, एकाच लांब टेबलावर जेवण, थोडंफार वारीसारखंच, फक्त दिंडी नाही, ज्याचा त्याचा वेग. एकटी बाई म्हणून चालायचं असेल तर मी डोळे झाकून हीच वाट सुचवेन. जीतमध्ये, म्हणजे चालणाऱ्यांसाठीच्या साध्या मुक्कामाच्या घरात, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून साधारण ४५ ते ६० युरो धरा, पाठीवर ओझं नको असेल तर सॅक पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्या आहेत. शाकाहारींचंही बरं चालतं, ल प्वीची हिरवी मसूर प्रसिद्धच आहे आणि ओब्राकचा अलिगो, बटाटा आणि ताजं चीज घोटून घोटून केलेला, तारा सुटतात. चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते, बहुधा वासराच्या पोटातलं असतं, कडक शाकाहारींनी आधीच ठरवून घ्या. मे आणि सप्टेंबर सगळ्यात चांगले आणि म्हणूनच सगळ्यात भरलेले, बुकिंगशिवाय जाऊ नका. कोंकला रेल्वे नाही, परतीची सोय रोदेझमार्गे आधीच बघून ठेवा.

मोर्वांबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांसाठी नाही. ग्रॅनाइटचे बसके डोंगर, सर्वात उंच ओ-फोलें ९०१ मीटर, आणि जंगल इतकं दाट की दिवसभर माणूस न दिसण्याची शक्यता चांगलीच. वेझलेच्या टेकडीवर बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, आहे, ११४६ मध्ये इथूनच दुसऱ्या क्रुसेडचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाचं, आवाहन झालं, तिथून दक्षिणेला जीआर १३ धरून बिब्राक्तपर्यंत यायचं. बिब्राक्त ही एदुई या गॉल टोळीची (गॉल म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणारे लोक) राजधानी, मों बव्रे (८२१ मीटर) डोंगरावर, आणि इसवीसनापूर्वी ५२ मध्ये रोमनांविरुद्ध लढायला व्हेर्सिंजेतोरिक्स या गॉल सरदाराला सगळ्या टोळ्यांचा सेनापती म्हणून इथेच मान्यता मिळाली. पुढे लोक खाली ओतँला राहायला गेले आणि शहरावर जंगल वाढलं. आज वाकड्यातिकड्या बीचच्या मुळांखाली रस्ते, घरं, तटबंदी आहे, उन्हाळ्यात उत्खनन चालू असतं आणि ते बघता येतं. किल्ल्यासारखं काही उभं दिसेल या आशेने गेलात तर निराश व्हाल, पण ज्यांना जमीन वाचायला आवडते त्यांनी इथेच जावं. अडचणी खऱ्या आहेत, दुकानं कमी, मुक्काम लांब लांब, बस जवळपास नाही, आणि काही डोंगर लाकडासाठी लावलेल्या डग्लस फरचे आहेत, ते एकदम तोडतात तेव्हा अख्खा उतार बोडका होतो, बघवत नाही.

मग कोणी कुठे जावं? पहिल्यांदाच जाताय, सोबत दहा-बारा वर्षांची मुलं किंवा आईबाबा आहेत, चारच दिवस आहेत, तर व्होज, कारण कुठल्याही दिवशी खाली उतरलं की गाव आणि ट्रेन किंवा बस जवळ असते. दहा दिवस सलग मिळत असतील, एकटे असाल, आयुष्यात मधेच थांबून विचार करायची वेळ आली असेल, तर ल प्वी, आणि मधला तुकडा गाळू नका, ओब्राकच्या उघड्यावरून चालून आल्याशिवाय कोंकची दरी तेवढी लागत नाही. मोर्वां दुसऱ्या खेपेला ठेवा, किंवा कामचलाऊ फ्रेंच येणारा एक जण सोबत असेल तर.

महिना ठरवताना एक बघा. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम असतो, व्होज आणि मोर्वांत शरद ऋतूचे रंग ऑक्टोबरात कितीही छान असले तरी वाटेवर 'शास आँ कूर' अशी पाटी दिसली तर शिकार चालू आहे असा त्याचा अर्थ, तिथून मागे फिरा किंवा वळसा घ्या, आणि अंगात भडक रंगाचं जॅकेट ठेवा. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारीही बेकरी बंद असते, शनिवारीच दोन दिवसांचा ब्रेड आणि चीज सॅकमध्ये टाकून घ्या.