नटक्रॅकरला नेताय? मग आधी कुठलं पुस्तक घ्यायचं

डिसेंबर जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींत हा प्रश्न हमखास येतो, लेक बॅले क्लासला जाते किंवा यंदा पहिल्यांदा नटक्रॅकर (अक्रोड फोडायच्या बाहुल्याच्या गोष्टीवरचा, ख्रिसमसला होणारा बॅले) बघायला नेतोय, तर चित्रांचं पुस्तक कुठलं घेऊ. दुकानात गुलाबी कव्हरांचा नुसता ढीग असतो आणि बऱ्याच पुस्तकांत चमकीपलीकडे काही नसतं. माझं म्हणणं, वय नंतर बघा, आधी हे ठरवा की मूल नुसतं बघणारे की स्वतः नाचणारे.

बघणार असेल तर डोळे झाकून 'द स्टोरी ऑर्केस्ट्रा: द नटक्रॅकर' घ्या, चित्रं जेसिका कोर्टनी-टिकलची. पान उलटायचं, बटण दाबायचं, की त्या प्रसंगाचं चायकोव्स्कीचं, म्हणजे ह्या बॅलेच्या रशियन संगीतकाराचं, म्युझिक काही सेकंद वाजतं. ह्याचा फायदा थिएटरात कळतो, कारण शो ब्रेक धरून दोनेक तासांचा आणि स्टेजवर कोणी एक अक्षर बोलत नाही, पण धून ओळखीची निघाली की पोरं खुर्चीत सरसावून बसतात. त्यातल्या शुगर प्लम फेअरी ह्या परीच्या नाचातला तो किणकिणणारा आवाज सेलेस्टाचा, दिसायला छोट्या पियानोसारखं वाद्य, चायकोव्स्कीला ते पॅरिसमध्ये सापडलं आणि 1892 च्या पहिल्या प्रयोगासाठी त्याने ते वापरलं. मजकूर कमी आहे त्यामुळे आपण आपलं मराठीत गोष्ट सांगत बटणं दाबत जायचं, मस्त जमतं. त्रास एकच, तेच बटण पन्नास वेळा दाबलं जातं आणि गाडीत असाल तर देवच वाली.

ह्याच्या समोर मॉरिस सेंडाकचं 'नटक्रॅकर'. चित्रांचं म्हणाल तर ह्याला तोड नाही, सिएटलच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेसाठी त्याने 1983 मध्ये सेट आणि कॉश्च्युम केले होते त्यातूनच हे आलं. पण आत आहे जर्मन लेखक हॉफमनची 1816 ची अख्खी मूळ कथा, आणि ती स्टेजवरच्यासारखी गोडगोड नाहीये. गोष्टीतली मुलगी स्टेजवर बऱ्याचदा क्लारा असते ती इथे मारी, कपाटाची काच लागून तिचा हात कापतो, मध्येच पिर्लिपाट राजकन्येची वेगळी गोष्ट सुरू होते जिचं तोंड उंदरांच्या राणीच्या शापाने विद्रूप होतं. चार वर्षांचं मूल एकतर घाबरेल नाहीतर झोपेल. आठ-नऊच्या पुढे द्या, किंवा सरळ स्वतःसाठी घ्या, त्यात लाजायचं काय!

नाचणाऱ्या पोरीसाठी गणित वेगळं. तीन-चार वर्षांची असेल तर अँजेलिना बॅलेरिना, 1983 पासून चालू असलेली उंदरीण, नाचायच्या नादात खोली आवरत नाही, शाळेला उशीर करते, शेवटी आईबाबा क्लासला घालतात. ख्रिसमसचं त्यात काही नाही पण बिघडत नाही. सहा-सातची असेल आणि क्लासच्या शोमध्ये उंदीर किंवा सैनिक झाली असेल तर मात्र 'टलूलाज नटक्रॅकर'च. टलूलाला उंदराचा रोल मिळतो, तिच्या डोक्यात आपणच स्टार, आणि ऐन स्टेजवर घोळ होतो. शोच्या आदल्या आठवड्यात वाचायला ह्याहून चांगलं मला तरी माहीत नाही.

अमेरिकन बॅलेरिना मिस्टी कोपलंडचं 'फायरबर्ड' की जुन्या काळची रशियन बॅलेरिना अ‍ॅना पाव्हलोवा हिच्यावरचं 'स्वान', असंही बरेच जण अडतात. दोन्ही सुंदर, सणाचं एकही नाही. सावळ्या रंगाच्या आपल्या मुलींना 'फायरबर्ड' जास्त भिडेल असं मला वाटतं, त्यात आत्मविश्वास नसलेली एक मुलगी आणि मिस्टी एकमेकींशी बोलतात, आणि मिस्टी पुढे 2015 मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय प्रिन्सिपल, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची, बॅलेरिना झाली. 'स्वान' कवितेसारखं हळू चालतं आणि शेवटी पाव्हलोवा वारते, तेव्हा रात्री झोपताना वाचणार असाल तर प्रश्नांची तयारी ठेवा. (हीच पाव्हलोवा 1923 मध्ये लंडनला आपल्या उदय शंकरांबरोबर राधा-कृष्ण नाचली होती, हे पोरांना जरूर सांगा.)

आणि घरात मुलगा असेल, बॅले मुलींचं असतं म्हणून नाक मुरडत असेल, तर 'द नटक्रॅकर कम्स टू अमेरिका' बघा. युटाचे तीन ख्रिस्टेन्सन भाऊ, तिघंही डान्सर, 1944 मध्ये ऐन युद्धाच्या टंचाईत सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकेतला पहिला पूर्ण नटक्रॅकर उभा झाला त्याची खरी गोष्ट. मजकूर जरा जास्त आहे, सातच्या आतल्याला निम्मं गाळून सांगावं लागेल.