महालातील जुन्या शस्त्रांची पारख : वाकिझाशीवरील नाव वाचून घेण्याचा अनुभव

भोसलेकालीन कट्यार किंवा दांडपट्टा दाखवला, तर नागपूरच्या महाल भागातील जुन्या वस्तूंचे काही व्यापारी मुठीवरूनच काळ सांगतात. परंतु जपानी शस्त्र समोर ठेवताच बहुतेक जण ‘सामुराईची तलवार’ एवढे बोलून थेट किमतीवर येतात. तेथीलच एका गल्लीतील लहानशा दुकानाची सेवा म्हणूनच वेगळी वाटली. आमच्या आजेसासऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रह्मदेशातून आणलेली वाकिझाशी, म्हणजे साधारण ३० ते ६० सेंटिमीटर पात्याच्या प्रकारातील आखूड तलवार, घडवणाऱ्याचे नाव कळावे म्हणून तेथे नेली होती.

दुकानदारांनी मुठीतील बांबूची खुंटी बारीक टोकाकडून हलकेच ठोकून काढली आणि मूठ उतरवली. पात्याचा मुठीत जाणारा भाग काळपट गंजलेला होता, पण त्या गंजाला त्यांनी बोटही लावू दिले नाही, कारण शस्त्राचे वय ठरवताना तोच मोठा पुरावा ठरतो. (जुने हत्यार चिंच-मिठाने घासून लखलखीत करून देणाऱ्यांनी हे अवश्य पाहावे.) मग बाजूने तिरपा प्रकाश टाकून त्यांनी अक्षरे वाचली : ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’, म्हणजे जपानच्या बिझेन (बिशू) प्रांतातील ओसाफुने गावचा सुकेसादा. मागील बाजूस एइरोकु कालखंडातील, म्हणजे १५५८ ते १५७० दरम्यानचे वर्ष आणि दुसरा महिना कोरलेला होता. मात्र दुसरा किंवा आठवा महिना रूढी म्हणून कोरला जात असे, तेव्हा तो घडणीचाच महिना समजू नये, असेही त्यांनी बजावले.

नाव वाचून झाले, तरी कारागीर ओळखला गेला असे त्यांनी म्हटले नाही, आणि मला या सेवेचे खरे मोल तेथेच दिसले. सुकेसादा हे नाव ओसाफुने येथील अनेक लोहारांनी वापरले. जपानमधील त्या जुन्या यादवी युद्धांच्या काळात मोठ्या संख्येने घडवलेल्या पात्यांवर बहुधा असे त्रोटक नाव आढळते, तर खास मागणीच्या पात्यांवर ‘बिझेन प्रांताचा रहिवासी’ असा सविस्तर उल्लेख आणि योसोझाएमोन-नो-जो यांसारखे लोहाराचे व्यक्तिगत नाव असते. शिवाय प्रसिद्ध नावे खोटी कोरण्याची प्रथाही जुनीच असल्यामुळे छिन्नीच्या फटक्यांची दिशा, कानशीच्या रेघा आणि पात्याची घडण या नावाशी जुळतात का, हे तपासावेच लागते. अंतिम निर्णय टोकियोतील, १९४८ साली स्थापन झालेल्या जपानी तलवार-जतन संस्थेच्या परीक्षकांकडून घेता येतो. परंतु शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे निर्बंध आहेत, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

शुल्क वाजवी आहे आणि रीतसर पावती मिळते. लेखी अहवाल मात्र अगदीच तोकडा आहे : वाचलेली अक्षरे आणि मोजमाप एवढेच त्यात असते, तोंडी सांगितलेली कारणे येत नाहीत. छायाचित्रेही समोरून झगझगीत प्रकाशात घेतल्यामुळे अक्षरांची खोली दिसत नाही, त्यामुळे ती दुसऱ्या जाणकाराला पाठवायची असल्यास तिरप्या प्रकाशात पुन्हा काढून देण्याचा आग्रह धरावा.