आयटीआय, अप्रेंटिसशिप, आरसेटी की रोजगार मेळावा? आधी घरचे महिने मोजा

निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तालुक्याच्या वाचनालयात फॉर्म भरून द्यायला बसतो. येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कोणता कोर्स चांगला?" मी उलट विचारतो, "तू एक पैसा आणला नाहीस तर घर किती महिने चालेल?" पोरगा आढ्याकडे बघतो. सोबत आलेली आई मात्र लगेच सांगते. "दोन." किंवा "दिवाळीपर्यंत." निम्मी निवड तिथंच होऊन जाते.

चारही वाटांनी पोचलेली माणसं मी पाहिली आहेत, पण वाटांची लांबी सारखी नाही. मेळाव्यात लागलेल्या नोकरीचा पगार पुढच्या महिन्यात सुरू होतो. अप्रेंटिसशिपमध्ये पहिल्या महिन्यापासून स्टायपेंड येतो, पण तो पगार नव्हे. आयटीआयमध्ये वर्ष-दोन वर्षं घरातूनच पैसे जातात. आरसेटीतलं (बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेतलं) प्रशिक्षण महिनाभरात संपतं, पण धंदा उभा राहून गल्ल्यात काही उरायला मी सहा महिने धरतो, आणि तेही गिऱ्हाईक असेल तर.

मेळावा: सगळ्यात जवळची वाट

जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र हे मेळावे भरवणाऱ्या कार्यालयाचं नाव तोंडात मावत नाही, म्हणून लोक अजून 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'च म्हणतात. त्याबरोबर जुनी समजूतही टिकून आहे की कार्ड काढलं की कधीतरी कॉल येतो. १९५९ च्या कायद्याने आस्थापनांना रिकाम्या जागा कळवायला लावलं होतं. माणूस तिथूनच घ्या असं मात्र सांगितलं नव्हतं. आता नोंदणी महास्वयम पोर्टलवर होते, तिला पैसे लागत नाहीत, आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलही २०१५ पासून फुकटच आहे. दोन्हीकडे नाव घाला. पण नोंदणी करून घरी बसणाऱ्याचं काम झालेलं मी फारसं पाहिलं नाही. जे मेळाव्याला जाऊन तीन-चार टेबलांवर बोलून आले त्यांचं झालं.

टेबलावर काय विचारायचं, हे इथं महत्त्वाचं. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला सांगितलं होतं अठरा हजार. पहिल्या महिन्यात हातात पडले साडेनऊ. खोलीभाडं, कँटीन, गणवेश, बसचे पैसे कापून घेतलेले, आणि पगार देणारी कंपनी नव्हतीच, मधला कंत्राटदार होता. तिसऱ्या महिन्यात तो परत आला. त्यानंतर मी प्रत्येकाला चार प्रश्न वहीत लिहून देतो. नेमणूकपत्रावर नाव कंपनीचं की कंत्राटदाराचं? हातात नक्की किती? राहायची सोय कोणाची आणि कोणाच्या पैशाने? पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) कापतात का? शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस कसा बोलतो ते नीट ऐका. पीएफ कापला जाणं ही तक्रारीची गोष्ट नाही. तुमच्या हिश्शासोबत मालकालाही भरावं लागतं, आणि तुम्ही तिथं कामाला होता याचा तो पक्का पुरावा असतो.

नोकरी लावण्यासाठी कोणी 'प्रोसेसिंग'चे, 'किट'चे किंवा परत मिळणाऱ्या डिपॉझिटचे पैसे मागितले, तर उठून यायचं. त्यात अपवाद नाही.

आयटीआय आणि अप्रेंटिसशिप: हे दोन पर्याय नव्हेत, जिना आहे

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. "आयटीआय करू की डायरेक्ट अप्रेंटिस लागू?" असं विचारणाऱ्याला वाटतं की दोन्हीकडून एकच गोष्ट मिळते. तसं नाही.

आयटीआयमधून ट्रेड, म्हणजे हाताचा एक व्यवसाय, मिळतो. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) एका वर्षाचे. बहुतेक ट्रेडना दहावी लागते, काहींना त्याहून कमी शिक्षणही चालतं, त्यामुळे दहावीला अडकलेल्यांनी परस्पर आशा सोडू नये. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र मिळतं. हा कागद रेल्वेपासून वीज कंपनीपर्यंत भरतीच्या जाहिरातींत नावाने मागितला जातो. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पुढे पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाटही असते, हे पालकांना सांगितलं की त्यांचा चेहरा बदलतो. 'आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं' ही समजूत अजून घट्ट आहे.

सरकारी आणि खासगी आयटीआयमध्ये फी सोडून फरक काय? संस्था आणि तिथला तो ट्रेडही संलग्न असेल, तर प्रमाणपत्र सारखंच. 'ट्रेडही' हा शब्द मी मुद्दाम घातला. संस्थेला मान्यता असते आणि नेमक्या त्या ट्रेडला नसते, असं होऊ शकतं. दुसरी गोष्ट कागदावर दिसत नाही: वर्कशॉप. प्रवेशाआधी एकदा दुपारी जाऊन बघा. लेथखाली लोखंडाचा कीस पडलेला आहे का? वेल्डिंगच्या खोलीत वास येतो का? मशिनवर प्लास्टिक झाकलेलं असेल तर तिथं वर्षभर फळ्यावरच वेल्डिंग शिकवतील.

अप्रेंटिसशिप म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं. कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने किमान स्टायपेंड शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये केला आणि २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने तो वाढवण्याची शिफारस केली, तेव्हा करार करताना त्या दिवशी लागू असलेला आकडा बघूनच सही करा. शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं.

आता कोणी सहसा न सांगणारी गोष्ट. कायद्याच्या नजरेत अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे. मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तरच आहे. "वर्षभर राबवून घेतलं आणि काढून टाकलं" अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात. त्यांचा राग मला पटतो, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसतं. म्हणून अप्रेंटिसशिपकडे नोकरीची पहिली पायरी म्हणून न बघता पैसे देणारी शाळा म्हणून बघा. तसं बघितलं तर ती उत्तम आहे.

म्हणून माझं मत: घर दोन वर्षं थांबू शकत असेल तर आधी ट्रेड, मग त्याच ट्रेडमध्ये अप्रेंटिसशिप. हात आणि कागद दोन्ही पक्के होतात. घर थांबू शकत नसेल तर आयटीआय न करताही घेतात अशा जागा अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर शोधाव्यात. त्यात काम एकाच प्रकारचं मिळण्याचा धोका असतो, म्हणजे वर्षभर एकच पॅकिंग. मुलाखतीत 'किती विभागांतून फिरवणार' हे विचारून घ्यायला लाजू नका.

याच्याशीच लोक गल्लत करतात ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची. २०२४ मध्ये सुरू झाली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, सरकारकडून थेट खात्यात. आकडा अप्रेंटिसपेक्षा गोड दिसतो. पण इथं शेवटी मिळतो तो अनुभवाचा दाखला. तो ट्रेडचं प्रमाणपत्र नव्हे. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत कारकुनी मदत करून सहा महिने गेले, मुदत वाढली, तीही संपली, आणि पुढे काय हा प्रश्न तसाच राहिला, असे बरेच जण आहेत. भरतीच्या तयारीचा काळ ढकलायला ठीक, हात तयार करायला नाही.

आरसेटी: ज्याला नोकरी नकोच आहे त्याच्यासाठी

कर्नाटकात उजिरे इथं १९८२ मध्ये धर्मस्थळ संस्थान आणि दोन बँकांनी ग्रामीण तरुणांना धंदा शिकवणारी संस्था काढली. त्याच धर्तीवर पुढे जिल्ह्याजिल्ह्यात बँकांनी चालवायच्या आरसेटी आल्या. शेळीपालन, शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, ब्यूटी पार्लर, घरगुती वायरिंग. शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट. मला आवडतो तो त्यांचा पाठपुरावा: प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं 'धंदा कसा चाललाय' विचारणं त्यांच्या कामातच आहे.

फक्त एक समजून घ्या. संस्था बँकेची असली तरी आरसेटीचं प्रमाणपत्र म्हणजे कर्ज मंजूर, असं होत नाही. शाखेचा मॅनेजर तुमचा सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली याचा गुणांक, बघणारच, घरातलं थकलेलं पीककर्जही विचारणार. पीएमईजीपीमध्ये (नव्या धंद्याच्या कर्जाला अनुदान देणारी केंद्राची योजना) १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते कर्ज मंजूर झाल्यावरचं. अनुदानासाठी धंदा काढणाऱ्याला मी हात जोडून परत पाठवतो.

दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आरसेटीच्या अगदी उलट. तीही फुकट आणि निवासी, पण ती नोकरीसाठी आहे आणि नोकरी बहुधा शहरात. घर सोडायची तयारी नसेल तर जागा अडवू नये.

आणि घरासाठी काय?

फॉर्म मुलाचा भरायला येतात, आणि बोलता बोलता कळतं की आई सहा वर्षं बांधकामावर विटा वाहते. तिची नोंदणी? नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते, आणि तिथून मुलांच्या शिक्षणालाही अर्थसाहाय्य मिळतं. म्हणजे मुलाच्या कोर्सचा खर्च आईच्या नोंदणीतून थोडा निघू शकतो. एजंटला पैसे देण्याआधी फॉर्म स्वतः वाचा, इतका अवघड नाही.

मजुरी अडकली असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१०० वर लागतो. बचत गटात असलेल्या बाईने उमेदच्या (बचत गटांचं काम बघणारं राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) प्रभाग समन्वयकाला 'आमच्या भागात पुढची बॅच कधी' एवढं विचारलं तरी पुष्कळ वेळा पोर्टलआधी बातमी मिळते.

परवा आलेल्या मावशींना दोन मुलगे. घर किती महिने चालेल, तर म्हणाल्या, "चार. पण दोघांनी एकदम शिकायचं म्हटलं तर एकही नाही." थोरला बारावी झालेला, तो अप्रेंटिस म्हणून लागला आणि सध्या दुसऱ्या पाळीला जातो. धाकट्याला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. मावशींच्या ९० दिवसांच्या दाखल्याचं काम चालू आहे, आणि सोमवारी दुपारी आम्ही तिघं वर्कशॉप बघायला जाणार आहोत.