निर्णय अडलेला असताना घेतलेले ऑनलाइन समुपदेशन: एका सेवेचे परीक्षण

नैराश्य आणि चिंता यांवर मदत देणाऱ्या ऑनलाइन सेवा आता पुष्कळ झाल्या आहेत आणि त्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. आठवड्यातून एकदा समुपदेशकाशी व्हिडिओवर सुमारे पन्नास मिनिटांचे सत्र, मधल्या दिवसांत लेखी संदेशांची सोय, आणि सोबत एक ॲप, ज्यात मनःस्थितीच्या नोंदी, प्रश्नावल्या व सरावाचे तक्ते असतात. अशी एक सेवा मी काही महिने वापरली. चालू नोकरी सोडून पुन्हा शिक्षणाकडे वळायचे की आहे तिथेच टिकून राहायचे, हा प्रश्न त्या काळात समोर होता. रात्र रात्र झोप नव्हती आणि कामात लक्ष नव्हते. म्हणून हे परीक्षण एका नेमक्या मुद्द्यापुरते आहे: मन थाऱ्यावर नसताना भविष्याचा निर्णय घ्यायची वेळ आली, तर अशी सेवा कितपत उपयोगी पडते? सेवेचे नाव येथे दिलेले नाही, कारण तिचे गुण आणि दोष याच जातीच्या कोणत्याही सेवेत तपासून पाहण्यासारखे आहेत. माझे मत थोडक्यात असे, की समुपदेशन फार चांगले होते, ॲप सामान्य होते आणि एक-दोन ठिकाणी तर ते उपचाराच्या आड येणारे होते.

पहिल्या सत्रात समुपदेशिकेने नोकरीचा किंवा शिक्षणाचा विषय जवळजवळ काढलाच नाही. आलेल्या मेलला काय उत्तर द्यावे, बाहेर पडताना काय घालावे, फोन आत्ता करावा की संध्याकाळी, अशा किरकोळ बाबींवर मी किती वेळ अडतो आणि हे केव्हापासून होते आहे, हे त्यांनी बारकाईने विचारले. उत्तरे ऐकल्यावर त्यांनी जे सांगितले, त्याने माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलली. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत नैराश्याची जी नऊ लक्षणे दिली आहेत, त्यांत विचारशक्ती वा एकाग्रता कमी होणे किंवा निर्णय न घेता येणे हे एक स्वतंत्र लक्षण आहे. नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे जवळजवळ रोज असावी लागतात आणि त्यांत उदासपणा किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी असावेच लागते, तेव्हा एकट्या अनिर्णयावरून निदान होत नाही, हेही त्यांनी लगेच स्पष्ट केले. पण ज्याला मी स्वभावातला भित्रेपणा समजत होतो, ते आजाराचे अंग असू शकते, एवढे कळल्यानेच स्वतःला बोल लावण्याचा जोर बराच ओसरला.

यानंतर त्यांनी एका कागदावर सगळे लटकलेले निर्णय लिहायला लावले आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्न ठेवले: याला बाहेरून आलेली शेवटची तारीख आहे का, आणि घेतलेला निर्णय पुढे फिरवता येतो का? कागद भरल्यावर चित्र मजेदार निघाले. राजीनाम्याला कसलीही तारीख नव्हती. ‘या महिन्यात सोक्षमोक्ष लावायचाच’ ही मुदत माझी मीच घालून घेतली होती. प्रवेश अर्जाला मात्र खरी तारीख होती, पण अर्ज भरणे म्हणजे प्रवेश घेणे नव्हे, आणि प्रवेश घेणे म्हणजे राजीनामा देणे नव्हे. त्यांचा नियम साधा होता. ज्याला तारीख नाही आणि जे परत फिरवता येत नाही, ते मन सावरेपर्यंत पुढे ढकलावे. ज्याला तारीख आहे, त्यात दार उघडे राहील एवढे लहानात लहान पाऊल टाकावे.

‘उदास असताना मोठे निर्णय घेऊ नका’ हा सल्ला कोणीही देतो. मला तो नातेवाइकांपासून सहकाऱ्यांपर्यंत सर्वांनी दिला होता. समुपदेशिकेचे कसब पुढच्या भागात दिसले. चिंता असलेल्या माणसाला पुढे ढकलणे फार आवडते, कारण ढकलताक्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि ती सुटका हवीशी वाटू लागली की टाळण्याची सवय पक्की होत जाते. त्यामुळे त्यांनी पुढे ढकललेल्या प्रत्येक निर्णयापुढे फेरविचाराचा दिवस लिहायला लावला आणि त्या दिवशीच्या सत्रात तो विषय न विसरता काढला. ढकलणे आणि टाळणे यांतला हा फरक नुसत्या सल्ल्याने सांभाळला जात नाही. त्यासाठी तारीख लक्षात ठेवणारे दुसरे कोणीतरी लागते. या सेवेसाठी मोजलेल्या पैशांचे मोल मुख्यतः येथे मिळाले.

आता ॲपमधल्या ‘निर्णयपत्रका’विषयी, ज्याची जाहिरात सर्वांत मोठी आणि उपयोग सर्वांत कमी आहे. यात दोन पर्याय लिहायचे, आर्थिक स्थैर्य, समाधान, कुटुंबावरचा परिणाम अशा बाबींना महत्त्व द्यायचे आणि पडद्यावरची कळ सरकवत १ ते १० गुण भरायचे. ॲप बेरीज करून कौल देते. मी भरले तेव्हा नोकरी आणि शिक्षण या दोन्हींच्या समाधानाला मी २ गुण दिले होते आणि दोन्हींच्या जोखमीला ९. निकाल अर्थातच बरोबरीचा आला आणि खाली सूचना झळकली, की आणखी निकष जोडून पाहा. गणितात काही चूक नव्हती, आत घातलेले आकडेच आजारी होते. नैराश्यात पुढे मिळणाऱ्या आनंदाची कल्पनाच करता येईनाशी होते, म्हणून सगळे पर्याय सारखेच फिके दिसतात. चिंतेत प्रत्येक वाटेवरचा धोका फुगतो, म्हणून सगळे सारखेच भयंकर वाटतात. बंद पडलेल्या तराजूवर कितीही काळजीपूर्वक वजने ठेवली तरी काटा हलणार नाही. त्यात आणखी निकष जोडण्याचे आमंत्रण म्हणजे रात्री दोन वाजता तेच ते उगाळत बसायची सोय आहे. मन स्थिर असलेल्या माणसाला हा तक्ता उपयोगी पडेलही, पण ज्यांच्यासाठी ॲप बनवले आहे त्यांच्यापुढे तो ठेवताना कोणा जाणकाराला विचारले असेल, असे वाटत नाही.

समुपदेशिकेने तो तक्ता सरळ बाजूला ठेवायला सांगितला आणि त्याच्या जागी प्रयोग सुचवले. निवडलेल्या विषयातले एक खुले व्याख्यान ऐकायचे, पाठ्यपुस्तकाचे एक प्रकरण टिपणे काढत वाचायचे, त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका व्यक्तीशी अर्धा तास बोलायचे. प्रत्येक गोष्ट करण्याआधी ‘किती बरे वाटेल’ याचा अंदाज दहापैकी लिहायचा आणि झाल्यावर प्रत्यक्ष अनुभव लिहायचा. प्रकरण वाचण्याआधी माझा अंदाज १ होता. वाचून झाल्यावर मी ५ लिहिले. पाच म्हणजे काही फार नव्हे, पण माझे मन भविष्याविषयी जे भाकीत करते ते या दिवसांत विश्वासार्ह नाही, हे माझ्याच हस्ताक्षरात समोर आले. यामागची वर्तन-सक्रियतेची पद्धत जुनी आहे. आवडीच्या आणि अर्थपूर्ण कृती कमी होत गेल्या की नैराश्य वाढते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात केली होती, आणि इच्छा होण्याची वाट न पाहता आधी कृती करावी, हे तिचे सूत्र आहे. भविष्याच्या निर्णयाला ते इतके चपखल लागू पडते याची मला कल्पना नव्हती. ‘मला हे आवडेल का?’ हा प्रश्न डोक्यात सोडवता येत नसेल, तर त्याचा एक छोटा तुकडा करून पाहता येतो.

काळजीसाठी रोजची एक ठरावीक वेळ राखून ठेवण्याचा उपाय मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अभ्यासला होता. तोही येथे शिकवला गेला. दिवसभरात आलेली काळजी एका ओळीत टिपायची आणि संध्याकाळच्या अर्ध्या तासात तिच्याकडे पाहायचे, झोपण्याच्या खोलीत मात्र नाही. पहिले काही दिवस हे हास्यास्पद वाटते, पुढे जमते.

ॲपच्या प्रश्नावल्यांबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठीची सात प्रश्नांची जीएडी-७ या दोन्ही जगभर वापरल्या जातात. पहिलीचे गुण ० ते २७ आणि दुसरीचे ० ते २१ असतात. दोन्ही प्रश्नावल्या मागील दोन आठवड्यांविषयी विचारतात. असे असताना हे ॲप त्या रोज सकाळी पुढे करते, आलेख काढते आणि गुण दोनाने वाढले की लाल बाण दाखवते. दोन आठवड्यांची मोजपट्टी रोज लावून मिळणारे चढउतार पाहून चिंता कमी कशी होणार? त्यात सलग नोंदींची साखळी तुटली की हळहळ व्यक्त करणारा संदेश येतो. अपराधीपणा हे ज्या आजाराचे लक्षण आहे, त्याच्या रुग्णाला नोंद चुकल्याबद्दल अपराधी वाटायला लावणे हे असंवेदनशील आहे. सूचना बंद करण्याची सोय आहे, पण ती शोधायला संयम लागतो.

समुपदेशक औषधे लिहून देऊ शकत नाहीत, ही मर्यादा येथे प्रामाणिकपणे पाळली गेली. झोप आणि भूक सुधारत नाही असे दिसताच समुपदेशिकेने मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितले आणि त्या तज्ज्ञांनी आधी रक्ततपासणी करून घेतली, कारण थायरॉइडचे काम मंदावल्यानेही नैराश्यासारखी लक्षणे दिसू शकतात. औषध सुरू झाल्यावर परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणामाला त्याहून अधिक, हे त्यांनी नीट समजावले. ते स्वतःच्या मनाने थांबवू नये, हेही सांगितले. फेरविचाराच्या तारखा मग त्या हिशेबाने पुढे सरकवल्या गेल्या. मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मात्र धावपळीत उरकला जातो, प्रश्न आधीच लिहून न्यावेत.

मध्येच माझी समुपदेशिका पूर्वसूचना न देता बदलण्यात आली. नव्या व्यक्तीकडे आधीच्या टिपणांतल्या जेमतेम चार ओळी पोहोचल्या होत्या, आणि सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगणे हे थकलेल्या माणसासाठी मोठे काम असते. तक्रारीनंतर जुनी समुपदेशिका परत मिळाली, पण तोवर एक फेरविचाराची तारीख हुकली होती. आपल्या नोंदी कोण वाचू शकते आणि खाते बंद केल्यावर त्या पुसल्या जातात का, हे मी लेखी विचारले. उत्तर मिळाले, पण उशिरा.

अशा सेवा आणीबाणीसाठी नसतात. पीएचक्यू-९ मधला शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो, आणि त्याला कोणी होकार दिला तर सेवा नेमके काय करते, हे नाव नोंदवण्यापूर्वी विचारून घ्यावे. येथे समुपदेशक त्याच दिवशी फोन करतात, असे मला लेखी कळवण्यात आले. तसे विचार येत असतील, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता जवळच्या माणसाला सांगावे आणि रुग्णालय किंवा हेल्पलाइन गाठावी.

ज्यांना काय करायचे ते ठाऊक आहे आणि फक्त पर्यायांची तुलना हवी आहे, त्यांना करिअर सल्लागार अधिक उपयोगी पडेल. ज्यांना कोणताच पर्याय खरा वाटेनासा झाला आहे, त्यांना मी या सेवेतले समुपदेशन निःसंकोच सुचवेन. ॲप उघडले नाही तरी काही बिघडत नाही. वर्गणी महिन्याचीच घ्यावी. पहिले सत्र संपताच सवलतीचे आमिष दाखवून वर्षभराची योजना पुढे केली जाते आणि तिचे पैसे परत मिळत नाहीत. समुपदेशिकेच्या कागदावर ही योजना ‘तारीख नाही आणि परत फिरवता येत नाही’ या रकान्यात पडली असती.